साबणाच्या वडीचा हिशेब

(नभोवाणीवरून दिलेल्या भाषणाचा मजकूर)

काटकसर हा गुण आपणा सर्वांना लहानपणापासून शिकविला जातो. पेन्सिल बोटभर उरली तरी टाकू नये, जुन्या वह्यांतील कोरी पाने काढून त्यांची नवी वही शिवावी, खोलीत कोणी नसता दिवा जळत ठेवू नये, हे मी स्वतः गेली वीस वर्षे वर्गात मुलांना सांगत आलो आहे. तेव्हा काटकसरीविरुद्ध बोलण्यासाठी मी आज आपल्यापुढे उभा नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. मला बोलावयाचे आहे ते एका विशिष्ट ठिकाणच्या काटकसरीविषयी. ते ठिकाण म्हणजे तुरुंग. तेथील शिधा, कपडे, कांबळी, साबण, सरपण यांवरचा खर्च कमी कसा करावा आणि कसा करू नये, हा माझा विषय आहे.

विषय दूरचा वाटेल, पण तो तितका दूरचा नाही. बेळगावच्या श्रोत्यांना हिंडलगा ठाऊक आहे, गोव्याच्या श्रोत्यांना कोलवाळ. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद या प्रत्येक शहरी मध्यवर्ती तुरुंग आहे. भिंतीपलीकडे हजार-दोन हजार माणसांचा स्वयंपाक रोज दोन वेळा होतो आणि त्याचा खर्च आपण सर्व जण करातून देतो. म्हणजे हा एक आपलाच मोठा संसार आहे. मात्र या संसारात खर्च करणारा एक, वस्तू वापरणारा दुसरा आणि पैसे देणारा तिसरा आहे. वापरणाऱ्याला तक्रार करण्याची सोय नाही आणि पैसे देणाऱ्याला आत पाहण्याची इच्छा नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काटकसरीला वाटेल ते रूप येऊ शकते.

काही वर्षांपूर्वी एका सभेत एका वक्त्याने सांगितले की, कैद्यांवरचा खर्च आणखी कमी केला पाहिजे. गुन्हेगारांना आपण फुकट पोसतो आहो. सभेत टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत माझीही टाळी होती. त्यानंतर वर्ष झाले नसेल, तोच माझा एक जुना विद्यार्थी मोटारसायकलच्या चोरीच्या आरोपावरून पकडला गेला. त्याची आई रडत माझ्या घरी आली. एका तुरुंगात मी त्याला भेटण्यास गेलो. मधे जाळी होती. पलीकडे तो उभा होता. वर्गात शेवटच्या बाकावर बसून सारखा हसणारा तो मुलगा त्या दिवशी मान वर करीत नव्हता. मी त्याला विचारले, "काही हवे आहे का रे?" मला वाटले, तो वकिलाविषयी बोलेल, जामिनाविषयी बोलेल. तो म्हणाला, "सर, जमलं तर एक साबण पाठवा. अंग फार खाजतं." त्याने बाह्या वर केल्या. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कोपरांत खरूज पसरली होती. महिन्याला मिळणारी साबणाची लहानशी वडी आठ दिवसांत संपते, अंगाला आणि कपड्यांना तीच, असे त्याने सांगितले. सात महिन्यांनी न्यायालयाने त्याला निर्दोष म्हणून सोडले. ती टाळी मात्र माझ्या कानांतून अद्याप गेलेली नाही.

साबणाची वडी म्हणजे अगदी क्षुल्लक वस्तू. खर्च कमी करावयाचा म्हटला की, कात्री प्रथम अशाच वस्तूंना लागते. पण या क्षुल्लक वस्तूचा इतिहास पाहिला तर काय दिसते? इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात तुरुंगांवर सरकार जवळजवळ खर्चच करीत नसे. पुष्कळ ठिकाणी तुरुंगाधिकाऱ्याला पगार नव्हता. कैद्यांकडून जी दस्तुरी मिळे तीवर त्याने पोट भरावे, अशी रीत होती. शासनाच्या दृष्टीने यापेक्षा स्वस्त व्यवस्था ती कोणती? १७७३ साली जॉन हॉवर्ड नावाचा एक गृहस्थ बेडफर्डशायर परगण्याचा शेरीफ झाला. तुरुंग पाहणे हे त्याच्या पदाचे काम होते. त्याच्या आधीच्या शेरीफांनी ते काम कधी मनावर घेतले नव्हते, हॉवर्डने घेतले. त्याला आढळले की, न्यायालयाने निर्दोष ठरविलेली माणसेसुद्धा दस्तुरी देता आली नाही म्हणून पुन्हा कोठडीत डांबली जात आहेत. त्याने परगण्याच्या न्यायाधीशांना सुचविले की, अधिकाऱ्याला पगार द्या आणि दस्तुरी बंद करा. त्यांनी विचारले, असे दुसरीकडे कोठे केलेले आहे काय? दाखला शोधण्यासाठी हॉवर्ड घोड्यावर बसून शेजारच्या परगण्यांत गेला. दाखला मिळाला नाही, तोच अन्याय सर्वत्र मिळाला. पुढे सारे आयुष्य त्याने तुरुंग पाहण्यात घालविले. १७७७ साली त्याने इंग्लंड व वेल्स येथील तुरुंगांच्या स्थितीवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्या काळच्या तुरुंगांत एक ताप असे. त्याचे नावच मुळी 'तुरुंगाचा ताप' असे पडले होते. पाणी पुरेसे नाही, साबण नाही, बदलावयास कपडा नाही, कुजके गवत हेच अंथरूण. अशा ठिकाणी तो झपाट्याने पसरे. पण ताप काही भिंतीच्या आत राहत नाही. १७५० साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात न्यूगेट तुरुंगातील कैदी खटल्यासाठी आणले गेले आणि त्यांच्याबरोबर तो तापही आला. त्या सत्रानंतर लंडनचा लॉर्ड मेयर, दोन न्यायाधीश, वकील, पंच मिळून पन्नासाच्या आसपास माणसे मरण पावली. कैद्यांच्या साबणात वाचविलेल्या पैशांची ती किंमत होती, आणि ती न्यायासनावर बसलेल्यांना द्यावी लागली. १७७४ साली हॉवर्डच्या साक्षीनंतर इंग्लंडच्या संसदेने दोन कायदे केले. एकाने निर्दोष सुटलेल्यांची दस्तुरी बंद केली. दुसऱ्याने तुरुंगांच्या भिंतींना चुना देणे, कोठड्या स्वच्छ ठेवणे, आजाऱ्यांची निराळी सोय करणे बंधनकारक केले.

हा ताप पसरतो कसा, हे मात्र पुढे दीडशे वर्षे कोणाला कळले नव्हते. १९०९ साली ट्यूनिस येथे शार्ल निकोल या फ्रेंच वैद्यकशास्त्रज्ञाने ते शोधून काढले. रस्त्यावर आणि दारात असेपर्यंत रोगी इतरांना रोग देतो, पण रुग्णालयात त्याला आंघोळ घालून, त्याचे कपडे काढून घेऊन खाटेवर निजविले की तो कोणालाही रोग देत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. मग रोग असलाच पाहिजे अंगावरच्या आणि कपड्यांतल्या उवांत! या शोधाबद्दल त्याला १९२८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. न्यायाधीशांचे प्राण घेणाऱ्या तापावर उपाय होता पाणी, साबण आणि धुतलेला कपडा.

आजच्या तुरुंगांत तो ताप तसा राहिलेला नाही. पण खरूज आहे, क्षय आहे, दूषित पाण्याचे विकार आहेत. कैदी तेथे जन्मभर राहत नाही. तो न्यायालयात जातो, रुग्णालयात जातो, जामिनावर घरी येतो. पहारेकरी तर रोज संध्याकाळी आपल्या मुलाबाळांत परत जातो. साबणाची वडी कमी केल्याने वाचलेले पैसे सरकारी रुग्णालयाच्या खात्यावर दुसऱ्या नावाने खर्च होतात. एका वहीतील शिल्लक दुसऱ्या वहीत तूट म्हणून उमटते. दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहणारा कोणी नसतो, म्हणून आपण पहिल्या वहीकडे पाहून समाधान मानतो.

आता कोणी म्हणेल, ही अडीचशे वर्षांपूर्वीची कथा झाली. तर मग आपल्याच काळातील, आणि जगातील अतिशय श्रीमंत देशातील एक कथा सांगतो. अमेरिकेतील अलाबामा राज्यात दुसऱ्या महायुद्धापूर्वीपासून चालत आलेली एक पद्धत होती. परगण्याच्या तुरुंगातील प्रत्येक कैद्याच्या जेवणासाठी राज्याकडून शेरीफाला दिवसाला पावणेदोन डॉलर मिळत. त्यात त्याने कैद्यांना जेवू घालावयाचे, आणि जे उरेल ते स्वतः ठेवून घ्यावयाचे! म्हणजे कैद्याच्या ताटातून उचललेला प्रत्येक घास शेरीफाच्या खिशात नाण्याच्या रूपाने पडत असे, आणि हे सारे कायदेशीर होते. मॉर्गन परगण्याच्या शेरीफाला एकदा 'कॉर्न डॉग' नावाच्या पदार्थाची मालमोटार अगदी स्वस्तात मिळाली. मांसाची कांडी मक्याच्या पिठात घोळवून तळतात, तो हा पदार्थ. मग कैद्यांना कित्येक आठवडे दिवसातून दोन वेळा तेच खाणे. २००९ साली हे प्रकरण न्यायालयात आले. तीन वर्षांत या शेरीफाने २ लाख १२ हजार डॉलर शिल्लक टाकून स्वतःकडे ठेवले होते. न्यायाधीशांनी त्या शेरीफालाच तुरुंगात पाठविले. कैद्यांना नीट अन्न देण्याची योजना मान्य झाल्यावर दुसऱ्या दिवशी तो सुटला. पण कायदा तोच राहिला. पुढे २०१८ साली त्याच राज्यातील दुसऱ्या एका शेरीफाने अन्नखात्यातून साडेसात लाख डॉलरांहून अधिक रक्कम घेतल्याचे उघडकीस आले, तेव्हा फार ओरड झाली आणि २०१९ मध्ये कायदा बदलून ही वाट बंद करण्यात आली.

या दोन्ही कथांतून निघणारा पहिला नियम मी असा मांडतो: जो खर्च करतो त्याला शिल्लकेचा वाटा असता कामा नये. तो वाटा कायद्याने मिळो, ठेकेदाराकडून पाकिटात मिळो, की 'यंदा आपण इतका खर्च वाचविला' या शाबासकीच्या रूपाने मिळो. कोणत्याही रूपात तो आला की काटकसर कैद्याच्या पानावर जाऊन बसते. कारण तेथे विरोध सर्वांत कमी असतो.

मग काटकसर करावयाची तरी कोठे? मुलांना शिकविताना मी उदाहरण घालतो, तसेच एक येथे घालतो. समजा, एका तुरुंगात एक हजार माणसे आहेत आणि प्रत्येकाला रोज ६०० ग्रॅम धान्य ठरले आहे. दिवसाला ६०० किलो, महिन्याला १८० क्विंटल. आता कोठीत माल उतरून घेताना तोलात शंभराला पाच इतकीच तूट येते असे धरा. कधी काटा जड, कधी पोते ओले, कधी खडे-माती. शंभराला पाच म्हणजे फार नव्हे, असे कोणीही म्हणेल. पण महिन्याला ते ९ क्विंटल झाले आणि वर्षाला १०८ क्विंटल. माणशी हिशेब केला तर प्रत्येक कैद्याचे वर्षातील १८ दिवसांचे धान्य दारातच नाहीसे झाले. ही तूट भरून काढावयास कोणाच्या ताटाला हात लावावा लागत नाही. प्रमाणित वजनकाटा, मालाचा नमुना तपासणारे दोन निराळे अधिकारी, आणि उतरून घेताना समोर उभा असलेला कैद्यांचा एक प्रतिनिधी, एवढे पुरते. ज्याला ते धान्य खावयाचे आहे, त्याच्याइतका दक्ष तपासनीस सरकारला दुसरा मिळणार नाही.

दुसरी जागा म्हणजे सर्वांत कमी दराची निविदा. ही पद्धत प्रामाणिक दिसते, पण ती नेहमी स्वस्त असतेच असे नाही. समजा, एक कांबळे ३०० रुपयांना मिळते आणि एका हिवाळ्यात त्याचे धागे सुटतात. दुसरे ६०० रुपयांना मिळते आणि चार हिवाळे टिकते. पहिल्याचा वर्षाचा खर्च ३०० रुपये, दुसऱ्याचा १५०. हजार कांबळ्यांमागे दर वर्षी दीड लाख रुपये वाचले, आणि माणसे उबेत झोपली. पण निविदेच्या कागदावर पहिला आकडा लहान असतो, म्हणून पुष्कळदा पहिलेच कांबळे विकत घेतले जाते. आपल्या घरातील गृहिणी अशी चूक सहसा करीत नाही. ती कापड चिमटीत धरून पाहते, उजेडासमोर धरते, 'धुतल्यावर आटणार तर नाही ना?' असे दुकानदाराला विचारते. सरकारी खरेदीला हा चिमटीचा प्रश्न विचारता आला पाहिजे.

तिसरी जागा सरपणाची. हजार माणसांचा स्वयंपाक म्हणजे इंधनाचा डोंगर. येथे मला आफ्रिकेतील रवांडा या लहानशा देशाचे उदाहरण द्यावेसे वाटते. १९९४ सालच्या भयंकर नरसंहारानंतर तेथील तुरुंग माणसांनी अक्षरशः खच्चून भरले. लाकूडफाट्याचा खर्च परवडेना, आणि मैला ओढ्यांत व शेतांत उतरू लागला. राजधानी किगाली येथील विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेने या दोन अडचणी एकमेकींशी बांधल्या. तुरुंगाच्या आवारात जमिनीखाली मोठी घुमटाकार संयंत्रे बांधून मैल्यापासून गॅस तयार केला आणि तो मुदपाकखान्यात आणला. ती बांधण्याचे काम कैदीही शिकले. सरपणाचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आला, घाण नाहीशी झाली, उरलेले खत बागेला मिळाले. २००५ साली या कामाला ॲशडेन पुरस्कार मिळाला. आपल्याकडे गोबरगॅस ही काही नवी वस्तू नाही; खेड्यापाड्यांतील लोकांना तिची कृती ठाऊक आहे. या काटकसरीत कोणाचा घास गेला नाही.

चौथी जागा तुरुंगातीलच श्रमाची. भाजीचा मळा, पावभट्टी, हातमाग, शिवणकाम यांतून तुरुंग आपली पुष्कळशी गरज आपणच भागवू शकतो, आणि वर काही विकूही शकतो. अहमदाबादेत साबरमती तुरुंगाचे भजी खाण्यासाठी लोक रांगा लावतात, हे बडोद्याच्या श्रोत्यांना मी सांगावयास नको. केरळातील तुरुंगांनी दोन रुपयांना चपाती विकून बाजाराला आश्चर्यचकित केले. हैदराबादेकडे तुरुंग खात्याचे पेट्रोल पंप आहेत आणि त्यांवर कैदी काम करतात. परंतु येथेही एक काटा आहे, तो दाखविल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अंदमानच्या कोठडीतील कोलू आपण विसरलेलो नाही. बैलाचे काम माणसाला देऊन रोज ३० पौंड तेल काढून घेणारी ती व्यवस्थाही हिशेबाच्या वहीत फायद्याचीच होती. 'चक्की पिसणे' हा वाक्प्रचार आपल्या बोलण्यात आला तोही तुरुंगाच्या पिठातूनच. म्हणून १९९८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने गुजरात राज्याच्या प्रकरणात जो निर्णय दिला तो महत्त्वाचा आहे. सक्तमजुरीच्या कैद्यालाही न्याय्य मजुरी मिळाली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. त्या मजुरीतून त्याच्या अन्नवस्त्राचा खर्च वजा करता येईल, आणि ज्याच्यावर गुन्हा घडला त्याला भरपाई देण्यासाठी काही भाग बाजूला ठेवता येईल, असेही सांगितले. हा हिशेब मला फार समाधानकारक वाटतो. त्यात कैदी स्वतःच्या जेवणाचे पैसे देतो, अपराधाचे काही देणे फेडतो, आणि आईला चार पैसे पाठवितो. करदात्याचा भार कमी होतो तो कोणाला उपाशी ठेवून नव्हे.

श्रोतेहो, येथवर आपण पोती, कांबळी आणि सरपण पाहिले. पण सर्वांत मोठी काटकसर या कोणत्याच वस्तूत नाही. तुरुंगातील सर्वांत महाग गोष्ट आहे तेथे असण्याची गरज नसलेला माणूस. शासनाने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे २०२२ च्या अखेरीस आपल्या देशातील तुरुंगांत सुमारे ४ लाख ३६ हजार माणसांची जागा होती आणि प्रत्यक्षात सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा अपराध अद्याप शाबीत झालेला नाही असा माणूस, माझ्या विद्यार्थ्यासारखा. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. कच्च्या कैद्यांनीच तुरुंगाची जवळजवळ सारी जागा व्यापलेली आहे. शिक्षा झालेल्यांसाठी जी जागा लागते ती दाटी करून काढलेली आहे.

यांतील कित्येकांना जामीन मंजूर झालेला असतो, पण हमीची रक्कम नसते. समजा, एखाद्या मजुराला ५ हजार रुपये भरता आले नाहीत आणि तो सहा महिने आत राहिला. त्याच्या जेवणावर दिवसाला केवळ १०० रुपये धरले तरी १८० दिवसांचे १८ हजार झाले. पहारा, औषध, वीज, न्यायालयात नेण्या-आणण्याचा खर्च मी धरलेलाच नाही. त्याची बुडालेली मजुरी आणि मुलाची बुडालेली शाळा तर कोणत्याच वहीत लिहिली जात नाही. ५ हजारांसाठी १८ हजार खर्च करणाऱ्या गृहस्थाला आपण शहाणा म्हणू काय? केंद्र शासनाने २०२३ साली गरीब कैद्यांच्या साहाय्याची जी योजना केली तिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळण्याची सोय ठेवण्यात आली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ४७९ वे कलम त्याहून पुढे जाते. पूर्वी कधीही शिक्षा न झालेला कच्चा कैदी, त्याच्यावरील आरोपाला जी कमाल शिक्षा आहे तिच्या एक-तृतीयांश काळ आत राहिला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडावे असे ते सांगते. फाशी वा जन्मठेपेस पात्र गुन्हे आणि एकाहून अधिक खटले चालू असलेले आरोपी त्यातून वगळलेले आहेत. मुदत भरताच न्यायालयाकडे अर्ज करणे हे तुरुंगाच्या अधीक्षकाचेच कर्तव्य ठरविले आहे. कायदा आहे, योजना आहे, पैसा आहे. उणीव आहे ती यादी तयार करून तारखा मोजणाऱ्या माणसाची. हे काम हजेरीपटासारखे आहे. रोज एक ओळ लिहिली नाही तर वर्षअखेरीस सारा गोंधळ होतो.

आणि ज्यांना शिक्षा झाली आहे, त्यांच्याविषयीही आपल्या मराठी मुलखाने एके काळी एक धाडसी हिशेब करून दाखविला होता. १९३९ साली औंध संस्थानात, माणदेशातील आटपाडीजवळच्या कोरड्या माळावर 'स्वतंत्रपूर' नावाची वसाहत उभी राहिली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा आश्रय आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची कल्पना. शिक्षा झालेले कैदी तेथे भिंतीवाचून, गजांवाचून, आपल्या बायकामुलांसह राहू लागले, जमीन कसू लागले. १९५७ साली व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट आला त्याची प्रेरणा हीच. चित्रपट आपण पाहिला, डोळे पुसले आणि घरी गेलो. पण त्या माळावरचा जमाखर्च आपण कधी वाचला नाही. जो कैदी स्वतःच्या शेतातले धान्य खातो त्याला शिधा द्यावा लागत नाही. ज्याची बायको त्याची भाकरी भाजते त्याला मुदपाकखाना लागत नाही. जो पळत नाही त्याला भिंत लागत नाही. राजस्थानात जयपूरजवळ सांगानेर येथील खुल्या तुरुंगात आजही कैदी दिवसा बाहेर जाऊन कमावतात, संध्याकाळच्या हजेरीला परत येतात आणि आपल्या कुटुंबाचा खर्च आपणच चालवितात. महाराष्ट्रात येरवडा, पैठण, मोर्शी येथे खुली कारागृहे आहेत. सर्वच कैद्यांना तेथे पाठविता येणार नाही, हे उघड आहे. पण ज्यांना पाठविता येईल अशांनाही आपण भिंतीआड ठेवून त्यांच्या साबणात काटकसर करीत बसतो, हे काही हिशेबी माणसाचे लक्षण नव्हे.

आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात दयेची सात शारीरिक कृत्ये मुलांकडून पाठ करून घेतात. भुकेल्याला अन्न देणे, उघड्याला वस्त्र देणे, आजाऱ्याचा समाचार घेणे आणि बंदिवानाला भेटणे ही त्यांतील चार. मीही ती पाठ केली होती आणि पुढे शिकविलीही होती. पण ही चारही कृत्ये तुरुंगाच्या कोठीच्या एकाच वहीत, शिधा, कपडे, औषध आणि मुलाखत या चार रकान्यांत लिहिलेली असतात, हे मला त्या जाळीपुढे उभे राहीपर्यंत सुचले नव्हते. आमच्याकडील काही मंडळी नाताळात कैद्यांना मिठाई घेऊन जात. हल्ली आम्ही मिठाईबरोबर अधीक्षकांच्या परवानगीने साबण नेतो. ही काही मोठी कामगिरी नव्हे. साबण देणे हे खरे तर आमचे कामच नव्हे. ते सरकारचे काम आहे आणि त्यासाठी आपण कर भरलेला आहे.

म्हणून शेवटी एक विनंती करतो. प्रत्येक तुरुंगाला नियमाप्रमाणे अशासकीय अभ्यागत नेमण्याची तरतूद आहे. समाजातील जबाबदार स्त्री-पुरुषांनी आत जावे, कोठी पाहावी, अन्न चाखावे, कैद्यांचे म्हणणे ऐकावे आणि पुस्तकात शेरा लिहावा, यासाठी ही जागा आहे. ती मानाची म्हणून मिरवली जाते किंवा रिकामी राहते. आपल्यापैकी निवृत्त शिक्षक, हिशेबनीस, डॉक्टर, व्यापारी यांनी ती मागून घ्यावी. व्यापाऱ्याने धान्य मुठीत घेऊन पाहावे, डॉक्टराने कैद्यांचे हात पाहावेत, हिशेबनिसाने कच्च्या कैद्यांच्या तारखा मोजाव्यात. हॉवर्डनेही याहून निराळे काही केले नव्हते. पाहणे हे त्याचे काम होते, आणि तो पाहण्यास गेला.

माझा विद्यार्थी आता एका कारखान्यात कामाला आहे. मध्यंतरी तो भेटला तेव्हा मी त्याला म्हटले, तुझ्या त्या साबणाविषयी मी बोलणार आहे, चालेल ना? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बोला सर. पण एवढंच सांगा, की आम्ही जास्त मागत नव्हतो. जेवढा कागदावर लिहिला होता, तेवढाच द्या म्हणत होतो."